प्रत्येक नकलेला एक भोक

१२ मे

बाबांनी भोकं पुन्हा बुजवली! झाळून, घासून, वर पॉलिश. बोट फिरवलं तरी कळत नाही. हातात एवढी कला — आणि ती वापरायची कशासाठी!

माझा नियम साधा आहे. दुकानातल्या पाणबुड्यांच्या प्रत्येक नकली हेल्मेटला मागे, मानेपाशी, मी एक भोक पाडते, म्हणजे ते घालून कोणी पाण्यात उतरणार नाही. नक्कल म्हणजे पातळ पितळी पत्रा, खिडकीला तसबिरीची काच, आणि हवेची नळी जिथे जोडतात तिथे आत झडपच नाही. दिवाणखान्यात शोभेल. पण हल्ली हौशी पाणबुडे येतात, त्यांना जुनं हेल्मेट चढवून खरोखर समुद्रात उतरायचं असतं. आणि आमच्याकडे खरं नि खोटं एकाच फळीवर.

आज एका गिऱ्हाइकाने विचारलं, हे खाली जाईल का? बाबा म्हणाले, "जाईल की. दगडासारखं जाईल." तो हसला, घेऊन गेला. त्याला ती थट्टा वाटली. मी उरलेली तपासली तेव्हा भोकांचं कळलं. धक्क्यापर्यंत पळाले. शेजारच्या कोस बेटाला जाणारी बोट सुटली होती.

१३ मे

बाबांशी अबोला. दुपारी म्हणाले, "इंजिनीअरीणबाईंना आज ऑक्टोपस चालेल ना?"

चालला नाही.

१७ मे

त्या माणसाचा पत्ता पावतीवर होता. दोनदा लिहिलं. उत्तर नाही.

बाबांचं म्हणणं, भोक असलेलं कोण घेतं? आणि वर — घरातली पहिली पदवी, ती पोरीने भोकं पाडण्यात घालवली! आत्यासमोर म्हणाले. कालोतिनाआत्या हसली. मी नाही हसले.

या बेटावर लंगडणारे म्हातारे मोजायला दोन्ही हात पुरत नाहीत. स्पंजासाठी खोल गेले, भलत्या घाईत वर आले. माझे आजोबा त्यातलेच — शेवटची अकरा वर्षं खाटेवर. त्यांच्या मुलाला हसू येतं कसं?

२१ मे

चांगली बातमी! हौशी पाणबुड्यांचं एक मंडळ जूनमध्ये येतंय. दहा जण, दहा जुनी हेल्मेटं. नऊ त्यांची, दहावं इथलं कुठलं तरी मिळावं अशी विनंती. तपासणी मी करावी, कागदावर सही माझी. पहिल्यांदाच कोणीतरी मला बाबांची मुलगी म्हणून नाही, इंजिनीअर म्हणून विचारलं.

दहावं आमच्या घरातच आहे. आजोबांचं. त्यांना शेवटचं वर काढलं त्या दिवशी आजीने नळीचं तोंड चर्चच्या मेणबत्तीच्या मेणाने बंद केलं — त्यांचा समुद्रातला श्वास आत राहावा म्हणून. तेव्हापासून ते कोनाड्यात आहे. ईस्टरनंतर, पूर्वी बोटी निघायच्या त्या दिवशी, आत्या ते व्हिनेगरने पुसते नि त्याच्या कपाळाचं चुंबन घेते. हात लावायचा मान फक्त तिचा. मी आजवर उचललेलंही नाही.

रात्रीच्या जेवणाला मी विषय काढला. आत्या म्हणाली, चाळीस वर्षं कोरडंच आहे बिचारं, एकदा भिजू दे. बाबा म्हणाले, "ते नाही."

का नाही? बशी पुढे ढकलून उठले.

मी ऐकवलं. "खरं ते कोनाड्यात जपायचं आणि खोटं लोकांच्या डोक्यावर चढवायचं! असा धंदा आहे तुमचा." ते जिन्यात थांबले. मग वर निघून गेले.

२६ मे

मंडळी तपासणीसाठी आठवडाभर आधीच आली. नऊ तपासली. आपल्याकडची परीक्षा एकच, बाबांनी मला सात वर्षांची असताना शिकवलेली: नळीच्या तोंडाला ओठ लावून हवा आत ओढायची. आतली झडप चांगली असेल तर ती मिटते, जीभ तिथेच चिकटते. नसेल तर हवा तोंडात येते. अशा हेल्मेटात खोलवर असताना वर नळी फुटली, तर आतली हवा उलटी खेचली जाते — आणि तिच्यामागे माणूस. पुढचं लिहवत नाही.

सातांना जीभ चिकटली. दोन नकला निघाल्या, वर जुन्या कारखान्यांच्या पाट्या ठोकलेल्या. मालक रडवेले झाले. भोकं पाडली! दोघांना बाबांनी दुरुस्त केलेली खरी भाड्याने दिली.

दहावं ल्यूक घालणार. बेल्जियमचा शाळामास्तर, आजोबांबद्दल शंभर प्रश्न विचारतो. आत्याची इच्छा, मेण बोटीवरच फोडायचं, पाद्रींसमोर. ठीक आहे. आजोबांच्या हेल्मेटाची काय परीक्षा घ्यायची?

दहाही ओळींपुढे सही केली.

२९ मे

बाबा तीन दिवस जेवायला खाली आले नाहीत. रुसायचं वय आहे का हे? आपलं खरं हेल्मेट दुसऱ्याच्या डोक्यावर बघवत नाही, एवढंच. नकली विकताना बरं चालतं.

३१ मे

सकाळी दुकानात गेले. बाबांसमोर आजोबांचं हेल्मेट. मेण फोडलेलं. मी ओरडणार, तेवढ्यात म्हणाले, "जीभ लाव."

लावली. हवा सरळ तोंडात आली.

"खरं कुठंय?"

"तू पात्रा शहरात शिकायला गेलीस, त्या सप्टेंबरात विकलं. हे मी केलंय. आत्याला ठाऊक नाही."

ल्यूकला फोन केला. सही केलेला कागद फाडला. बाबांनी ड्रिल माझ्याकडे सरकवलं.

"नियम सगळ्यांना सारखा, पोरी."

भोक तिरकं गेलं. त्यांनी अंगठ्याने त्याची कड चाचपली. म्हणाले, "असू दे. हे बुजवायचं नाहीये."