अकरा सेकंद

९ मार्च २०२५, रविवार

आज लॅपटॉप भिंतीवर आपटणार होतो! चार हजार एकशे बारा व्हिडिओ. दोन हार्ड डिस्क, कॅमेऱ्याची कार्डं, माझे जुने फोन, व्हॉट्सअ‍ॅपचा सगळा उकिरडा — सगळं नव्या लायब्ररीत ओतलं. सॉफ्टवेअर दिवसभर गरगरत बसलं. ते चेहरे ओळखून ढीग लावतं आणि प्रत्येक ढिगाखाली विचारतं — हा कोण?

पहिलाच ढीग निंबाभाऊचा निघाला. दोनशे अडतीस व्हिडिओ. हळदीत नाचताना, ट्रॅक्टर धुताना, लेकीला खांद्यावर घेऊन. आणि खाली — हा कोण?

टेबलावर अशी बुक्की घातली की कप खाली पडून फुटला. वहिनी वर धावत आली. काचा वेचल्या. तिनेच सांगितलं होतं हे काम. "तुम्ही लोकांच्या लग्नांचे व्हिडिओ लावून ठेवता जागच्या जागी, आपल्या घरचेही लावा. पोरीला बाप बघायचा असतो." पण भावाचा फोन मागितला तर देत नाही. भाऊ गेल्यापासून तीन वर्षं कपाटात साडीत गुंडाळून ठेवलाय. म्हणाली, "तो नका घेऊ. बाकीचं घ्या."

नाव टाइप केलं. निंबाभाऊ.

१२ मार्च

चाळीसगावला लग्न. नवरीचा मामा नेमका मंगळसूत्राच्या वेळी कॅमेऱ्यापुढे! एका हाताने शूटिंग चालू, दुसऱ्या हाताने केला बाजूला. "सरका जरा, सरका!" मामा अक्षतांच्या ताटावर. शिव्या घातल्या त्याने. घाल म्हटलं. फ्रेम स्वच्छ पाहिजे तर हात चालवावाच लागतो. अकरा वर्षं हेच करतोय.

१६ मार्च, रविवार

आज ३ मे २०२२ हा दिवस उघडला. टाळत होतो.

गावातल्या सगळ्यांच्या मिळून चौसष्ट क्लिपा आहेत. ज्याच्या-त्याच्या फोनचं घड्याळ वेगळं. एकेकीची वेळ जुळवत बसलो, लायब्ररीने रांग लावली. आता तो दिवस सेकंदासेकंदाने बघता येतो. दिवसभर तेच केलं. जेवलो नाही.

कोरोनानंतरची पहिली आखाजी, अक्षय्य तृतीया. दोन वर्षं बारागाड्या निघाल्या नव्हत्या, गाव पिसाळलेलं. बारा गाड्या एकीला एक बांधलेल्या, वर माणसं खच्चून, पुढे भगत कमरेला आकडा लावून ओढतोय, दोन्ही बाजूंना त्याला सावरत धावणारे दोन बगले. उजवा बगल्या निंबाभाऊ. देवीच्या उतारावर तो पडला. पहिलं चाक छातीवरून गेलं. मग दुसरं. उतारावर गाड्या थांबत नाहीत. बाराही गेल्या.

पंचनाम्यात काय? पाय घसरला!

माझी क्लिप सगळ्यांत स्वच्छ. तिला पाच तारे दिले. भगत मधोमध, भंडारा उडतोय. भाऊ आधी थोडा आड येतो, मग उजवीकडे फ्रेमबाहेर जातो. मग किंकाळ्या. बस. शूटिंगवाल्याच्या भावाचं मरण आणि शूटिंगवाल्याकडेच नाही!

२३ मार्च

पाय घसरला नव्हता!!

उतारावरच्या धुरपदाबाईंच्या सुनेने गच्चीवरून काढलेली क्लिप आहे. आजवर ती फोनवर बघितली होती, आज मोठ्या स्क्रीनवर लावली. एकेक फ्रेम पुढे सरकवत गेलो. भंडाऱ्याच्या धुरळ्यातून एक हात निघतो. पांढरी बाही, कोपरापर्यंत दुमडलेली. भावाच्या पाठीवर पडतो. रेटतो. भाऊ तोंडावर आपटतो. ज्याचा हात त्याचं तोंड निशाणाच्या फडक्याआड.

तीच जागा चाळीसदा बघितली. तोंड धुतलं आणि परत बघितली.

कोणाचा तो हात? तोडीन मी तो. देवीची शपथ, खांद्यापासून तोडीन.

२४ मार्च

आईला सांगितलं. दाखवणार होतो, तिने मान फिरवली. "तुले काय करनं शे ते बठ्ठं देखीसन? गया तो गया!" मी ओरडलो — गेला नाही, मारला! आई उठून बाहेर ओट्यावर जाऊन बसली. कसली आई ही?

३० मार्च, पाडवा

गुढी आईनेच उभारली. मी वर.

त्या दिवशी पांढऱ्या सदऱ्यात सगळं गावच होतं. मीसुद्धा. म्हणून चेहऱ्यांचे ढीग घेऊन बसलो. उतारावर त्या घटकेला भावाच्या आसपास कोण कोण? लायब्ररीने चारच चेहरे काढून दिले. भगत — तो पुढे. दोन म्हातारे — ते गाडीवर. चौथा वना.

वना! भावाचा लंगोटीयार. सहा वर्षं उजवा बगल्या तोच होता. त्या वर्षी पंचांनी तो मान भावाला दिला. आठवतंय मला, वनाचं तोंड कसं झालं होतं. धावण्याआधी भावाने स्वतःचा फोन त्याच्याच हातात दिला — "काढजो रे मना व्हिडिओ." किती विश्वास!

एका हातात फोन, दुसरा मोकळा. असं धावता येतं. मला कोण शिकवणार!

६ एप्रिल

वनाने तेव्हा ग्रुपवर टाकलेली क्लिप सापडली. एक्केचाळीस सेकंद. जिथे कामाची होते तिथेच तुटते — अर्ध्या शब्दावर. कापलेली आहे. शेंबड्या पोरालाही कळेल. स्वतःचा हात दिसतो म्हणून कापली हरामखोराने!

आणि दर महिन्याला हाच गावाहून इथे शहरात आमच्या दारात. कांदे, गहू, पोरीला चिक्की. वहिनी त्याला चहा करते. मला वाटायचं, मैत्री. पाप फेडतोय तो!

७ एप्रिल

लोखंडी पाईप आणला. दीड हात लांब. खाटेखाली ठेवलाय.

१४ एप्रिल

लग्नं, लग्नं. शूटिंग करताना प्रत्येक नवरदेवाच्या तोंडावर वना दिसतो. काल एका वऱ्हाड्याला एवढ्या जोरात बाजूला केला की त्याचा चष्मा गेला. वाईटही वाटत नाही आता.

२० एप्रिल, रविवार

मारलं.

दुपारी गावी गेलो. वना विहिरीवर एकटा, मोटार उघडून बसलेला. मला बघून हसला. "ये रे, पानी पे." मी म्हटलं, क्लिप का कापली? हसू गेलं. खाली बघायला लागला. तू ढकललंस? मोटारीचा नट आवळायला लागला. परत विचारलं. नटच आवळतोय!

पहिला तडाखा पाठीत. दुसरा मांडीवर. तो उठला नाही, पळाला नाही. विळा पडला होता हाताशी, त्याला शिवला नाही. नुसता म्हणाला, "मार. जितलं मारनं शे तितलं मार. पन घरमा काही सांगू नको." त्याने जास्तच डोकं फिरलं. उजव्या हातावर मारत राहिलो. हाड मोडलेलं ऐकू आलं. कपाशीच्या वाळलेल्या पऱ्हाटीसारखं.

येताना पांझरेच्या पुलावर गाडी थांबवली. वाटलं होतं मोकळं वाटेल. पाईप नदीत टाकला. काहीच वाटलं नाही.

२२ एप्रिल

पोलीस येतील म्हणून वाट बघतोय. आले नाहीत. गावाहून फोन आला — वनाचा हात दोन ठिकाणी मोडलाय, प्लेट टाकली. दवाखान्यात सांगितलं, ट्रॉलीवरून पडलो.

का? गुन्हेगार म्हणून घाबरला असेल. तसंच असणार. दुसरं काय असणार!

२६ एप्रिल

वहिनीला कळलं. कोणी सांगितलं माहीत नाही. स्वयंपाकघरात ताट माझ्यापुढे ठेवलं आणि ठेवलेला हात तसाच राहिला. "तुम्ही मारलं वनाभाऊला?" हो म्हटलं. तुमच्या कुंकवासाठी मारलं. तिने माझ्याकडे असं बघितलं — मला शिवी चालली असती. थोबाडीत चालली असती.

२९ एप्रिल

आज वहिनी वर आली. हातात भावाचा फोन, चार्ज केलेला. लॅपटॉपजवळ ठेवला.

"घ्या. हाही घाला तुमच्या लायब्ररीत. मूळ क्लिप यात आहे. वनाभाऊने मला फोन परत दिला तेव्हा तीही पुसायला सांगत होता. मी नाही पुसली."

मी म्हटलं, तीन वर्षं लपवलीत? त्या खुन्यासाठी?

म्हणाली, "बघा." आणि खाली गेली. फोन जोडला. नऊशे व्हिडिओ आहेत, हळूहळू उतरतायत. उद्या आखाजी. उद्या त्याचं तोंड साऱ्या गावाला दाखवतो.

३० एप्रिल, आखाजी

लायब्ररीने दोन फायली एकाखाली एक ठेवल्या — सारख्या वाटतात, कोणती ठेवू? एक एक्केचाळीस सेकंदांची. एक बावन्न.

बावन्न लावली. शूटिंग करणारा वना मागे होता, चांगला सात-आठ पावलं. त्याच्या पुढे पांढरा सदरा, बाही दुमडलेली, उजव्या हातात फोन डोक्यावर धरलेला. डावा हात भावाच्या पाठीवर. आवाज स्वच्छ आलाय. "सरका जरा, सरका!"

मी.

मला आठवतही नाही. त्या दिवशी किती जणांना बाजूला केलं असेल.

ज्या हातासाठी वनाचा हात मोडला, तो हा. याच हाताने वही धरलीय. आणि वहिनी तीन वर्षं मला वाढतेय. आईला माहीत आहे का? विचारायची छाती नाही.

आत्ता वहिनी दाराशी आली. स्क्रीनकडे बघितलं नाही. म्हणाली, "खाली चला भाऊ. त्यांच्या नावाने पितरांची घागर भरायची आहे. दरवर्षी तुम्हीच भरता."