लग्नासाठी साफ केलेली वाडी

१२ जानेवारी १९९९
वालीवच्या कारखान्यात नव्या फवारणी पंपांची चाचणी. तिसऱ्याचा वॉशर कोरडा. दांडा दोनदा हलला तेव्हाच आवाजावरून कळलं, फिटर उघडून बसला तरी त्याला दिसेना. संध्याकाळी उमेळ्याला दादाकडे. मंदाचं लग्न ठरलं. २१ फेब्रुवारी, मांडव वाडीतच. दादाची एकुलती लेक. वहिनी असायला हवी होती.

दादा वांग्याच्या सरीत उकिडवा बसून पानं उलटी करून बघत होता. म्हटलं, कसला रोग?
"रोग कुठचा. पाव्हने मोजतंय."
पाहुणे म्हणजे कोळी, कीड खाणारे. एक सरी काढायची झाली की तिच्यात आधी पेंढ्याच्या जुड्या उभ्या करून ठेवतो. कोळी त्यात शिरतात. मग जुडी उचलून नव्या सरीत. पद्धत वहिनीची, ती गेल्यावर हा चालवतो. औषध गेल्या वीस वर्षांत वाडीत शिरलेलं नाही. मी अख्ख्या तालुक्याला पंप विकतो आणि माझा सख्खा भाऊ मी दिलेल्या पंपाने म्हैस धुतो. कारखान्यात सांगितलं तर लोक पोट धरून हसतात. मीही हसतो.

१९ जाने.
सफारीवाला पुन्हा दादाकडे. बिल्डरचा माणूस, सदा सफारी सुटात. पूर्वेची वाडी गेली, तिथे चार मजले उभे. पश्चिमेला भराव चालू. मधे एकटा दादा.
"वाडी पिकतंय तवर देनार नाय. पिकायची थांबली का मीच बोलावीन तुला."
तो म्हणाला, "काका, ही जबान समजू का?"
"समज."
दादाची जबान म्हणजे काय ते त्याला ठाऊक नाही. मला आहे. वडील गेले तेव्हा दादा अठराचा होता. "तू आयटीआयला जा, वाडी मी बघतंय" म्हणाला. ते आजपर्यंत बघतोय.

४ फेब्रु.
मंदाच्या सासरची मंडळी वाडी बघायला. बोरिवलीची, फ्लॅटातली. मांडव कुठे, पंगत कुठे, सगळं दाखवलं. वालाच्या मांडवाखालून जाताना होणाऱ्या सासूबाईंच्या तोंडावर जाळं बसलं. केवढ्याने ओरडल्या! कोळी खांद्यावरून खाली उतरला आणि आपल्या वाटेने गेला.
मी मागे होतो. पुढे कुजबुज: "इकडे झाडू नसतो का हो घरात?"
दादा पाण्याकडे गेला होता, त्याने ऐकलं नाही. मंदाने ऐकलं. पोरीचा चेहरा पडला. माझ्या कानांचा हा त्रास. नको ते आधी येतं.

९ फेब्रु.
दादा पत्रिका घेऊन सफाळे, मनोरकडच्या नातेवाइकांकडे, दोन दिवस. मी कारखान्यातली दोन माणसं घेऊन वाडीत. बांबूला फडकं बांधून सगळी जाळी उतरवली. जुड्या गोळा करून जाळल्या, चांगल्या वीसेक निघाल्या. मग वांगी आणि वाल, वरून आणि पानाखालून, फवारले. पंप मीच पाठीवर घेतला. माणसांना दिला असता तर घाईत वरच्यावर मारलं असतं. हात अजून बसलेला आहे. दोन तासांत वाडी दिवाळीला सारवल्यासारखी. मंदा संध्याकाळी खरेदीहून आली, ओट्यावरून बघत राहिली. "काका, किती छान दिसतंय!"

वांगी पंधरा दिवस तोडायची नाहीत. म्हणजे लग्नाची वांगी बाजारातून. आचाऱ्याला सांगून ठेवलं.
दादाला "झाडलं" एवढंच सांगायचं, आणि लग्नापर्यंत वांगी झाडावरच राहू दे म्हणून. फवाऱ्याचं नाही. लग्न पार पडू दे.

११ फेब्रु.
दादा आला. पिशवी खाली न ठेवता सरीत गेला.
"जुड्या?"
"जाळल्या रे दादा. मांडवात दिव्यांच्या वायरी, पेंढा पेटला तर?"
 वालाचं एक पान उलटं केलं, सोडलं. मग म्हणाला, "बरा केलास. मंदाला बरा दिसल." माझ्या खांद्यावर हात ठेवला.
तेव्हाच सांगायला पाहिजे होतं.

२० फेब्रु.
हळद. गर्दी, बँजो, सगळं जोरात. दुपारी दादा टोपली घेऊन वांगी तोडायला निघालेला. मी आडवा गेलो.
"आचाऱ्याने आणलीत. पुरतील."
"कोनची?"
"बाजारची."
"आपली वाडी हाय ना!"
म्हटलं, आता त्याने चिरायला घेतली, उगाच घोळ नको.  दादा रिकामी टोपली बाईमाणसांच्या हाती देऊन परत आला. पंगतीत त्याच्या पानात वांग्याची भाजी तशीच. शेजारचा आग्रह करत होता, "अरे, पोरीच्या हळदीची हाय!" तेव्हा एक घास खाल्ला.

२१ फेब्रु.
लागलं एकदाचं. मंदा जाताना दादा रडला नाही, मी रडलो.
सफारीवाला पण जेवायला. कोणी बोलावलं कोण जाणे. मी जिलबीच्या ताटाशी, तो पाठीमागे कोणाला तरी: "आता मस्त मोकळी दिसते. पूर्वी आत शिरायची भीती वाटायची."
जिलबी तोंडातच राहिली.

२३ फेब्रु. ते ५ मार्च
ऑर्डरची घाई. नाशिक, मग गुजरात. उमेळ्याला जाणं नाही. शेजारच्या दुकानात फोन केला, दादा बरा म्हणाले.

८ मार्च
वांग्याची पानं कडेने पिवळी, वाटीसारखी वळलेली. झाड हलवलं तर तुडतुडे कोंडा उधळावा तसे उडतात. वालाच्या पानाखाली पांढरी माशी. वालाला फूल धरत नाही.
दादा: "असा कदी झाला नव्हता."
मी पाणी, खत, बिल्डिंगच्या सिमेंटची धूळ, सगळी कारणं सांगितली. एक सोडून. कीड मेली तशी तिला खाणारेही मेले. किडीची पिलावळ आठ दिवसांत परत येते, कोळ्यांची येत नाही. हे मी गेली पंधरा वर्षं दुकानदारांकडून ऐकतोय. ते म्हणतात, "शेठ, एकदा सुरू केलं की दर आठवड्याला लागतं." आणि आम्ही सगळे खूश.

१५ मार्च
तीन सऱ्या गेल्या. दादा उपटत होता. मी वेड्यासारखा म्हणालो, "एक हात मारू का औषधाचा? आता तरी."
वर पाहिलं नाही. "तुजा धंदा तुज्याकडं ऱ्हाऊ दे."
थोड्या वेळाने स्वतःशीच: "हात गेला माजा. मंदाची आई व्हती तवर तिचा हात व्हता. मना वाटला माजा हाय."
मी बाजूला उभा. माती बघत. पन्नाशीला आलेला माणूस, चाळीस माणसांचा कारखाना चालवतो, आणि तोंडातून चार शब्द निघेनात.

२१ मार्च
रविवार. स्कूटर घेऊन कोळी शोधायला निघालो. कोळी! गावभर हसू. एकाने सांगितलं, "शेठ, आमच्या माळ्यावर या, फुकट देतो." दुसरा: "तुमच्याच पंपाने मारले, आता परत मागायला आले!" तो चेष्टेत बोलला.
भाजीच्या जेवढ्या वाड्यांत गेलो तेवढ्यांत पानं उलटी करून पाहिली. काही नाही. सगळ्या खांबांवर माझ्या कंपनीचा पंप टांगलेला, हिरवी टाकी, पितळी नळी.

शेवटी पार समुद्राकडच्या अंगाला फिलूबायची वाडी. सत्तरीची कॅथलिक बाई, चर्चमधून, मिस्सा ऐकून आली होती, लुगडं बदलून लगेच केळीत. तिच्या वालाच्या मांडवात जाळीच जाळी. बांधावर जुड्या, दादाच्या तशाच.
"कुनासाठी रे बाबा?"
सांगितलं. सगळं. तिला कसं सांगता आलं कोण जाणे. अनोळखी म्हणून असेल.
तिने ओरडायला हवं होतं. म्हणाली, "आता उचलू नको. उन्हात ते आत दडलेले, पर तू हापटत नेशील. उद्या उजाडताना ये, दव असेल तवा. नि भावाला आधी सांग. मंग जुड्या ने."

२२ मार्च
पहाटे टेम्पो घेऊन फिलूबायकडे. सहा जुड्या. ओल्या गोणपाटात गुंडाळून दिल्या. म्हटलं, भावाला सांगायला जातोच आहे. "जातोयस नव्हं, सांगितलास का?" तरी दिल्या.

दादा विहिरीवर. टेम्पोतल्या जुड्या पाहिल्या आणि चेहऱ्यावर हसू आलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा.
"जाळल्यास त्याच्या बदली आनल्यास?"
"दादा, नुसत्या जाळल्या नाहीत. फवारलंही. तू सफाळ्याला होतास तेव्हा. मी स्वतः."
हसू लगेच गेलं नाही. चेहऱ्यावर तसंच राहिलं, मागे काही नसल्यासारखं.
"कंचा औषध?"
नाव सांगितलं.
"किती?"
सांगितलं.
"पानाखालून पन?"
"हो."
मग विहिरीच्या कठड्यावर बसला. म्हणाला, "म्हनून हळदीला बाजारची वांगी."
  मी म्हटलं, सासूबाई असं बोलल्या होत्या, मंदाला लाज वाटली, म्हणून... त्याने हात वर केला. थांब म्हणून.
जुड्या आम्ही दोघांनी लावल्या, तो पुढच्या सरीत, मी मागच्या.  निघताना म्हणाला, "तुला ठावं व्हता, वांगी खायची नाय. येवढा ठावं व्हता तुला."

३० मार्च
तीन जाळी. वालाच्या मांडवात दोन, वांग्यात एक. दादाने दाखवली नाहीत, मीच शोधली. चौथी सरी पिवळी पडत चालली.

६ एप्रिल
मंदा माहेरी आली. वाडी बघून ओट्यावर बसली. "काका, बाबा काही सांगत नाहीत. काय झालं?"
दादा आतून: "हवा यंदा वाईट."
मला वाचवलं. त्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर बरं.

१४ एप्रिल
फिलूबायला निरोप, अजून जुड्या मिळतील का. म्हणे तिच्याही वाडीचा शेजारी परवा फवारून गेला, वारा इकडे होता. पुढच्या पावसापर्यंत नाही.
दादाकडे कालच्यापेक्षा जाळी जास्त, सात-आठ. तुडतुडेही जास्त. कोण आधी जिंकतं ते दोघं बघतोय.

२२ एप्रिल
कारखान्यात फोन. दादा कधी फोन करत नाही, शेजारच्या दुकानातून केला.
"मी त्याला बोलावला. सफारीवाल्याला."
मी: "दादा, का? थोडं थांब. पाऊस पडला की वाडी धरेल."
"जबान दिली व्हती. पिकायची थांबली का बोलावीन."
"थांबलेली नाही. माझ्यामुळे ती..."
"ती कोनामुळं थांबली ते जबानीत नव्हता." फोन ठेवला.

२५ एप्रिल
रविवार. दादाकडे दहाला. सफारीवाला कागद ठेवून गेलेला, मंगळवारी उत्तर न्यायला येणार. मी म्हटलं वकिलाला दाखवू. दादा म्हणाला, "आधी तू वाच. मोठ्यानं. मना समजल असा."

ओट्यावर बसलो. तो समोर, तोंड वाडीकडे. मी वाचायला लागलो. उमेळे, अमुक सर्व्हे नंबर, पूर्वेस इमारत, पश्चिमेस भराव, विहीर एक, आंब्याची झाडं चार, राहतं घर एक. जमीन लिहून देणार याचं नाव. दादाचं पूर्ण नाव मी कधी मोठ्याने उच्चारलेलं नाही. ते दोनदा वाचलं. दादाने वळून पाहिलं नाही.

पाच पानं. शेवटी सही करण्याची जागा, रिकामी. वाचून झालं तसा कागद मांडीवर घेऊन बसलो. तो वालाच्या मांडवाकडे बघत होता, तिथे काही हललं का, वारा होता का, मला इथून दिसेना.
मग म्हणाला, "परत वाच. पहिल्यापासना. सावकाश."
मी पहिलं पान काढलं.