पाच ताटांच्या सह्या

४ जून
आणले : तांदूळ दहा किलो, साठ रुपये. तेल दोन किलो, बावन्न. रेघांची जाड वही, साडेतीन.

उद्यापासून मंडळाची पाच माणसे, अध्यक्ष धरून, दुपारी जेवायला. मंडळ म्हणजे तेच, ट्रकवाल्यांकडून हप्ता उकळणारे. वजनकाट्यावर खोटे वजन लिहायला आमच्या ह्यांनी नाही म्हटले आणि आठवड्यात हे खाणीच्या खड्ड्यात सापडले. पंचनाम्यात ‘पाय घसरला’. चौदा महिने झाले.

अध्यक्ष स्वतः दारात आला होता. ‘वहिनी, तुम्हाला उघड्यावर नाही टाकणार. खानावळ काढा, माणसं मी देतो.’

बरं, म्हटले. रडू आले नाही. डाळ निवडायला बसले.

५ जून
प्रत्येक ताटाला सही घेतली. तारीख, वेळ, सही.

‘वहिनी, आम्ही काय ताट घेऊन पळणार?’

‘ह्यांची शिस्त. सहीशिवाय काही सोडायचे नाहीत.’

अध्यक्षाच्या ड्रायव्हरने वही ओढली. बाकीच्यांनी मागोमाग.

१९ जून
जपाचे मणी सरतात, मन जागचे हलत नाही. देवाकडे काही मागितले नाही. काय हवे ते त्याला ठाऊक आहे, आणि ते देणे त्याला शोभत नाही.

२ ऑगस्ट
अध्यक्ष म्हणे, ‘वहिनी, तुमच्या हातचं खाऊन पोट सुटलं. पोलीस मागे लागले तर पळू कसा?’

ड्रायव्हर : ‘ते कशाला लागतील? तेही आपलंच खातात!’

सगळे हसले. मीही हसले बहुतेक.

११ ऑगस्ट
सकाळी भंगारवाल्याचे गोदाम जळाले. हप्ता देत नव्हता. आत हमाल होता — गेला.

दीड वाजता पाचही जण जेवायला. हातांना रॉकेलचा वास. दोनदा साबण मागितला. सह्या केल्या. सवयीने!

१४ ऑगस्ट
पेपरात आले आहे. पाचांचा जबाब — त्या दिवशी आम्ही दोनशे मैलांवर लग्नात होतो. फोटोही आहेत म्हणे.

वही कापडात शिवली. मोठ्या कोर्टातल्या सरकारी वकिलांना रजिस्टर पोस्टाने. स्वतःचे नाव घातले. भीती वाटेल म्हणून जरा थांबले. नाही वाटली.

२२ ऑगस्ट
अध्यक्षाने आज नवी वही नीट पाहिली. ‘जुनी?’

‘भरली.’

‘आणा बघू.’

भात वाढला. ‘आधी जेवून घ्या, गार होतंय.’

दुसरा घास घेतला आणि दारात जीप. ताटावरून उठवले पाचांना.

पातेल्यातले उरलेले मी दोन दिवस पुरवीन.

९ मार्च
पाचांना जन्मठेप. हमालासाठी. साक्षीत मी ह्यांचे नाव घेतले, तर सरकारी वकीलच म्हणाले, ‘तो विषय इथे नाही, बाई.’ निकालात ह्यांचे नाव कुठेच नाही.

शेजारीण म्हणाली, ‘जिंकलीस गं!’

हो, म्हटले. चादरी भिजवल्या होत्या, त्या धुतल्या.

१७ मार्च
ड्रायव्हरची बायको आली. दारातूनच म्हणाली, ‘तुम्हीच आत घातलंत, आता पत्रही तुम्हीच लिहा. मला कुठं येतंय?’

बसवले. पाणी दिले. ती सांगत गेली, मी लिहीत गेले. धाकटीला दात आला. छप्पर गळते. तब्येतीला जपा.

मध्येच थांबली. ‘झोपेत ओरडायचे हो ते. त्या खड्ड्यापाशी तुमच्या यजमानांनी काहीतरी सांगितलं होतं त्यांना. काय ते मला कधी बोलले नाहीत.’

मी पत्ता घातला. तिकीट लावले. ती गेल्यावर पोस्टातून कोरे कार्ड आणले.

१८ मार्च
ड्रायव्हरला कार्ड टाकले. मजकूर असा :

‘कोर्टात तुमच्याविरुद्ध मी बोलले. पुन्हा विचारतील तर पुन्हा तेच सांगेन. पण ह्यांच्याजवळ शेवटी तुम्ही होतात, मी नव्हते. काय म्हणाले ते लिहा. वाईट असले तरी चालेल. उलट टपाली कळवावे.’