इडाच्या गादीचा लढा

होबार्ट,
२ एप्रिल

चि. मर्विन यास अनेक आशीर्वाद.

लोकर कातरायच्या शेडमध्ये चाळीस वर्षं यंत्रांची घरघर ऐकून तुझ्या कानांनी संप पुकारला, म्हणून हे पत्र. अख्ख्या टास्मानियात माझा आवाज न पोचणारा तूच एक माणूस उरला आहेस.

बातमी अशी, की टॅमसिन पुढच्या महिन्यात पुन्हा बस चालवायला लागते आहे. आठवड्यातले तीन दिवस इडाला माझ्याकडे ठेवायचं की पाळणाघरात, हे अजून ठरलेलं नाही. पोरीनं तोंडावर सांगितलं, की आई, तुझ्या मायेबद्दल शंका नाही, पण तू कुणाचं ऐकत नाहीस, आणि सात महिन्यांच्या बाळापाशी ऐकावं लागतं. आधी तिच्या झोपण्याची नीट सोय कर, मी सत्तावीसला येऊन बघेन, मग ठरवू. माझ्याच पोटची पोर माझी परीक्षा घेणार!

मी लगेच कामाला लागले. ग्रंथालयातून नऊ पुस्तकं आणली. बाजारच्या गादीत काय, तर फोम, गोंद, आग लागू नये म्हणून मारलेली रसायनं! बाळ दिवसाचे चौदा तास त्यावर निजतं, आणि आपण वर रंगीत हत्तींची चादर घालून कौतुक करतो! ‘गादीतलं विष’ नावाची छोटी पुस्तिकाच छापून घेतली आणि शनिवारच्या बाजारात उभी राहिले. दोन प्रती गेल्या. त्यातली एक मासा गुंडाळायला.

मग एका मोठ्या दुकानातल्या मुलीला हे सगळं समजावायला गेले. मागे सात-आठ माणसं जमली, आणि जमलेली माणसं वाया घालवणं मला कधी जमलेलं नाही. उशी घ्यायला आलेल्या एका म्हाताऱ्यानं टाळ्या वाजवल्या. ती मुलगी म्हणाली, आजी, मी इथे फक्त शनिवारी असते.

शेवटी ह्युऑन खोऱ्यात एक गादीवाला सापडला. सगळं हातानं करतो. सेंद्रिय लोकर, सेंद्रिय सूत, गोंदाचा थेंब नाही. भांडवलशाहीनं माणसाच्या झोपेचं काय केलं, ते मी त्याला पाऊण तास सांगितलं. बिचारा इतका भारावला, की तीनदा तोंड उघडून तीनदा मिटलं त्यानं. गादी घरी आली आहे. ढगासारखी मऊ.

आज इथेच थांबते. लोभ आहेच, तो टपालानं परत पाठव.

तुझी ताई,
विन्सम

बॉथवेल,
८ एप्रिल

ती. विन्समताईस सा.न.वि.वि.

पत्र पोचलं. दोन दिवसांत वाचून झालं. इथे पहिलं दंव पडलं. बिस्किटचे मागचे पाय सकाळी उठायला कुरकुर करतात. कुत्र्याचं सांगितलं, धन्याचंही तेच समज. शेजाऱ्यानं विचारलं, ताई काय म्हणते? मी म्हटलं, सध्या गादीशी लढते आहे. तो म्हणाला, गादीचं काही खरं नाही.

ताई, लोकर चांगली की वाईट, हे मी जन्मभर हातानं ठरवलं. म्हणून एकच विचारतो. गादीवर तळहात दाबलास तर किती आत जातो? बाळाची गादी टणक हवी, असं मी ऐकून आहे. आणि तो गादीवाला तीनदा तोंड उघडून काय म्हणत होता, ते विचारलंस का? तू बोलत असताना मीही लहानपणापासून तोंड उघडत आलो आहे. भारावल्यामुळे नाही.

लोभ असाच राहू दे. पानं थोडी कमी चालतील.

तुझा,
मर्विन

होबार्ट,
१४ एप्रिल

चि. मर्विन यास अनेक आशीर्वाद.

दंव, कुत्रा आणि टोमणे पोचले. दाबादाबीचं मागाहून बघू, इथे दगा झाला आहे! दोन दिवस हवा दमट झाली आणि गादीला वास सुटला. उग्र, चिकट, घशात बसणारा. सेंद्रिय म्हणून विकायचं आणि आत रसायन भरायचं! मी गादी व्हरांड्यात टाकली, सहा पानांचं निषेधपत्र लिहिलं आणि शेजारणीला बोलावून हुंगायला लावलं. ती म्हणाली, आत काहीतरी मेलेलं आहे. पण ती मुळात सिडनीची.

शिवण उसवून एक पुंजका सोबत पाठवते आहे. तुझ्या नाकाचा दाखला निषेधपत्राला जोडायचा आहे. टॅमसिन यायला तेरा दिवस उरले. पोर पाळणाघरात गेली, तर त्या गादीवाल्याला मी सोडणार नाही.

लोभ आहे, पण आज रागाच्या खाली दबला आहे.

ताई

बॉथवेल,
१९ एप्रिल

ती. ताईस सा.न.वि.वि.

पुंजका हुंगला. बिस्किटलाही दिला. तो उठला आणि शेपूट हलवत दाराशी गेला, कळप आणायला.

ताई, ती मेंढी आहे. लोकरीत थोडं तेल राहिलं, की दमट हवेत असा वास येतो. सोळा वर्षांची होईपर्यंत तू याच वासात वाढलीस. बाबांच्या कोटाला तो होता, तुझ्या केसांना होता. शाळेत पोरांनी नाक धरलं, तेव्हा बाकावर उभी राहून तू आयुष्यातलं पहिलं भाषण ठोकलंस, ते याच वासाच्या बाजूनं. माणूस आपलं घर विसरतो हे ऐकलं होतं. त्याच्याविरुद्ध सहा पानं लिहितो, हे नवीन.

निषेधपत्र शेगडीत घाल, गादीला ऊन दे. आणि तळहात दाबून बघ. हे दुसऱ्यांदा लिहितो आहे.

लोभ आहे. हसून हसून बरगड्या दुखतात, तरी आहे.

मर्विन

होबार्ट,
६ मे

चि. मर्विन यास अनेक आशीर्वाद.

निषेधपत्र जाळलं. दुसऱ्या पानावरचा एक परिच्छेद फार छान उतरला होता, तेवढा कापून ठेवला.

तळहात मात्र दाबला नाही. खोटं कशाला बोलू? दाबला असता तर तू जिंकला असतास, एवढंच कारण. सत्तावीसला टॅमसिन इडाला घेऊन आली. मी प्रमाणपत्रं टेबलावर मांडून बोलायला लागले, सूत कुठल्या शेतातलं इथवर आले. पोरीनं हात वर करून थांबवलं. आरोग्यकेंद्रातल्या नर्सनं एक परीक्षा शिकवली आहे म्हणाली, बारा सीडींची चवड दे. माझ्याकडे कुठल्या सीडी? तिनं कपाट उघडलं, ‘गादीतलं विष’च्या न खपलेल्या प्रतींचा तेवढाच गठ्ठा काढून गादीवर ठेवला आणि त्यावर लिटरभर दुधाचा खोका आडवा ठेवला, एक टोक बाहेर काढून. ते टोक गादीला टेकलं, तर गादी नापास.

मर्विन, माझं लिखाण पहिल्यांदाच कशात तरी इतकं खोल उतरलं. टोक सरळ जाऊन टेकलं.

टॅमसिननं आवाजसुद्धा चढवला नाही. म्हणाली, आई, यात तिचं तोंड रुतलं तर तिला श्वास घेता येणार नाही. मी खाली बसले. एवढे दिवस विषाशी लढत होते, आणि पोरीच्या श्वासाची वाट मीच मऊ लोकरीनं बुजवायला निघाले होते. भाषण तिथंच सोडलं आणि प्रमाणपत्रं पालथी घातली. टॅमसिन घाबरली, पाणी आणून दिलं.

मग गादीवाल्याला फोन लावला, नाव सांगितलं आणि गप्प राहिले. तो बराच वेळ वाट बघून म्हणाला, बाई, बोलू का? ही गादी दोन वर्षांवरच्या मुलांची, हेच तो त्या दिवशी तीनदा सांगत होता. बाळाची वेगळी असते, आत काथ्याचा घट्ट थर, वर सेंद्रिय सुती कापड. रविवारी स्वतः घेऊन आला. यावेळी तळहात मी दाबला, दूध टॅमसिननं ठेवलं. टोक हवेतच राहिलं. विषाबद्दलचा माझा शब्दन् शब्द खरा आहे, त्यातला एकही मागे घेत नाही. फक्त आता आधी हात, मग तोंड.

मऊ गादीची शिवण मीच उसवली, तेव्हा परत कुठल्या तोंडानं देऊ? शनिवारी बिस्किटसाठी घेऊन येते. वास त्याला पसंत आहे, असं तूच लिहिलं आहेस.

आज टॅमसिन इडाला माझ्याकडे सोडून बसवर गेली. दुपारी मी तिला नव्या गादीवर उताणी निजवलं आणि सवयीनं सुरुवात केली, की बाई गं, या जगात झोपसुद्धा... पहिल्या वाक्यालाच तिनं डोळे मिटले. भर सभेत कुणी झोपलं, की मी टेबलावर मूठ आपटते, तुला ठाऊक आहे. आज मूठ खिशात घातली आणि तासभर तिचा श्वास ऐकत उभी राहिले.

लोभ टणक आहे, इतकी वर्षं तू दाबून पाहिलाच आहेस. तसाच असू दे.

तुझी ताई,
विन्सम