सुलाताईची मेथी

पंचवटी, नाशिक
दि. ६ नोव्हेंबर २००८

प्रिय आक्का,

तुला आणि दाजींना नमस्कार, चैतालीच्या दोन्ही गालांना एकेक पापा.

मी सुखरूप पोचलो. तू दिलेल्या करंज्यांपैकी एकही मोडली नाही, कारण डबा येवल्यापासून मांडीवरच धरला होता. सध्या एका रसवंतीची पाटी रंगवतो आहे. मालक म्हणतो, अक्षरं उसासारखी हिरवी पाहिजेत. तीन हिरवे रंग दाखवले, तिन्ही त्याला पिकलेले वाटले.

नेहमी मी कार्ड टाकतो. या वेळी पाकीट बघून तुला धसका बसला असेल. कोणाचं काही बरंवाईट झालेलं नाही. पण दाजी हातमागावर बसले की मगच एकटीने वाच. दोनदा कच्चं लिहून फाडलं आहे.

आधी त्या मेथीवाल्या बाईविषयी.

पाडव्याला मी आलो आणि आल्याआल्या चैतालीने माझा मोबाइल पळवला. सापाचा खेळ खेळून तिने आठ वाजायच्या आत बॅटरी संपवली. चार्जर मी नाशिकलाच विसरलो होतो. मी, जो कुलूप लावल्यावर तीनदा ओढून बघतो! भाऊबिजेचा अख्खा दिवस फोन मुका राहिला. आणि तिसऱ्या दिवशी सकाळी तुझ्या दारात सुलाताई उभी, काखेत मेथीच्या जुड्या.

“मेथी घ्या बाई, नाशिकची कवळी मेथी हाय.”

तू म्हणालीस, “का गं, येवल्यातली मेथी संपली का?”

ती जराही गडबडली नाही. “ह्या तुमच्या भावानं खोलीची किल्ली संगं आणली. घरमालकीण लय बोंबलती, म्हणून आले. आता आलेच हाय तर मेथी घ्या.”

तू हसलीस, तिला चहा दिलास. चैताली तिच्या मांडीवर जाऊन बसली. जाताना सुलाताईने मला एवढंच विचारलं, “बरा हायेस ना?” ती गेल्यावर तू मला मागच्या दारी गाठलंस. “खरं सांग नवनाथ, हिची पोरगीबिरगी आहे का? तिच्यात अडकलायस का तू?” मी नाही म्हणालो, तशी तुझी कळी खुलली. तुळशीचं लग्न लागलं की पुढच्या रविवारी देवळ्याची मुलगी बघायला जायचं, हे तू तिथल्या तिथे ठरवून टाकलंस. मी मान हलवली.

आक्का, किल्लीची गोष्ट खोटी होती. सुलाताई गणेशवाडीच्या भाजीबाजारात बसते. तिला मुलगी नाही. आमची ओळख सरकारी दवाखान्यातली. दर महिन्याला आम्ही औषधाच्या एकाच रांगेत उभे असतो.

ती रांग एचआयव्हीची आहे. मला एचआयव्ही आहे.

लिहिलं. आता खोडणार नाही.

गेल्या वर्षी मला कावीळ झाली म्हणून कळवलं होतं, तेव्हाच हे कळलं. कसं झालं, ते तू विचारशील. ते तुझ्यासमोर बसून सांगेन. कागदावर नको.

गोळ्या फुकट मिळतात. सकाळ-संध्याकाळ घ्यायच्या, कायमच्या. घेतल्या तर माणूस कामधंदा करून नीट जगतो. चुकवत गेलं तर पुढे औषधच लागू पडेनासं होतं. म्हणून दवाखान्यात आमच्यासारख्यांचा एक गट आहे आणि त्यात जोड्या लावून दिल्या आहेत. माझी जोडी सुलाताईशी. सुरुवातीला मी तिला रोज मेसेज लिहायचो, अगदी पूर्णविरामासकट. आठवड्याने ती म्हणाली, “अरे मास्तर, मला वाचता येतं का? एक रिंग दे नुसती.” तेव्हापासून संध्याकाळी आठला तिचा मिस कॉल येतो. मी गोळी घेतो आणि तिला उलटा मिस कॉल देतो. कोणी उचलायचं नाही. दोन संध्याकाळी रिंग आली नाही, तर उठून त्या माणसाच्या घरी जायचं, असा नियम आहे.

तिला पत्ता म्हणून दाजींचं नाव, ‘पैठणी विणणारे कोंडाजी’, एवढंच माहीत होतं. पहिल्या एसटीने आली. दोन चुकीच्या कोंडाजींना मेथी विकून मग तुझं घर सापडलं.

पाडव्याला मी मोरीत जाऊन गोळी घेतली होती. भाऊबिजेला संध्याकाळची राहिली. घर पाहुण्यांनी भरलेलं, आणि तू सारखी माझ्याच मागे. तू आपल्या दोघांना एकाच ताटात वाढलं होतंस, आई गेल्यावर जेवायचो तसं. मी पोट बिघडलंय म्हणालो. “नाशिकला जाऊन साहेब झालास,” असं म्हणून तू ताट उचललंस. आक्का, एका ताटात जेवून हे लागत नाही. दवाखान्यातल्या बाईंनी किती वेळा समजावलं आहे, मला पाठ आहे. तरी तुझा हात ताटाकडे आला आणि मी मागे सरकलो.

परतताना सुलाताई स्टँडवर माझ्यासाठी थांबलेली होती. एसटीत मी तिला देवळ्याचं सांगितलं. निफाड येईपर्यंत ती उरलेली मेथी निवडत होती. मग खिडकीबाहेर बघत म्हणाली, “माझ्या लग्नात समद्यांना ठावं होतं रे. नवऱ्याला, सासूला, दिराला. मला एकटीलाच नव्हतं.”

मी देवळ्याला येणार नाही. तू त्यांना काय वाटेल ते सांग, भाऊ अर्धवट आहे म्हण, पण नकार कळव. ती मुलगी मी पाहिलेली नाही, तरी त्या दिवसापासून तीच डोळ्यांसमोर आहे.

दाजींना सांगायचं की नाही, ते तू ठरव. मला पुन्हा घरी बोलवायचं की नाही, तेही. एकच मागतो. बोलवावंसं वाटलं, तर दाजींच्या मोबाइलवरून एक मिस कॉल दे. पत्र लिहायला नको, बोलायला नको. फक्त आठला देऊ नकोस. तेव्हा माझा फोन लागला नाही, तर सुलाताई पुन्हा मेथी घेऊन तुझ्या दारात यायची. साडेआठला दे. मी उचलणार नाही, फोन हातात धरून ऐकेन.

नाही वाजला, तरी मी गोळी चुकवणार नाही. हे सुलाताईला कबूल केलं आहे, आता तुलाही करतो.

चैतालीला सांग, सापाचा खेळ मी पुसलेला नाही. चार्जर आता पिशवीतच असतो.

तुझ्या ताटात जेवायचा राहिलेला,
नवनाथ