खिशातला रुमाल

धुळे,
२४ सप्टेंबर १९९४

चि. देवचंद यास अक्काचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझ्या भाच्याचा काही पत्ता आहे का? सुरतेत प्लेग असल्याचं पेपरात वाचल्यापासून माझं कशात लक्ष नाही. पितांबरच्या मिलला तार केली, उत्तर नाही. शेजारच्या फोनवरून लावून पाहिलं, तर नुसती घंटा वाजत राहते. एकुलता एक मुलगा, आणि पत्र लिहायला मामासारखाच आळशी. सुरतेची गाडी तुमच्या जळगाववरून जाते, म्हणून स्टेशनवर चक्कर टाकत जा.

इथे साक्री रोडने ट्रक भरभरून माणसं येताहेत. आमच्या मंडळीने चर्चमागची शब्बाथशाळेची खोली त्यांच्यासाठी उघडली आहे. आमच्या बायका रोज स्वयंपाकाआधी मूठभर धान्य प्रभूसाठी बाजूला काढतात ना, त्या मुठीचीच खिचडी शिजते. वाढायला मी असते. दुसऱ्यांची पोरं जेवताना पाहिली की माझं कुठे जेवलं असेल का, असं मनात येतं आणि डोळे भरतात. कोणी विचारलं तर मिरचीची फोडणी डोळ्यांत गेली म्हणून सांगते.

कळावे. लताला आशीर्वाद. लोभ आहेच, त्याच्याबरोबर उलटटपाली पत्रही असू दे.

तुझी अक्का,
बेबाबाई


जळगाव,
२६ सप्टेंबर १९९४

ती. अक्का हिस प्रभूच्या नावाने सलाम. वि. वि.

पत्र पोचलं. मी सकाळ-संध्याकाळ नाकाला रुमाल बांधून स्टेशनवर जातो. पितांबर अजून दिसला नाही, पण तू धीर सोडू नकोस. पोरगा हुशार आहे.

काल उपासनेनंतर आमच्या चर्चची पंच कमिटी बसली. मी ठराव मांडला आणि तो मंजूरही झाला. ज्या घरी सुरतेहून माणूस आलं असेल, त्या घराने पंधरा दिवस चर्चला येऊ नये, प्रभुभोजनाला तर नाहीच नाही. उभी हयात कोर्टात कारकुनी केली, ठराव कसा बांधायचा हे मला कोणी शिकवायला नको. अगं, प्रभुभोजनाच्या द्राक्षरसाचा प्याला आमच्याकडे एकच. सगळी मंडळी त्यालाच ओठ लावते. मी पहिल्या बाकावर बसतो म्हणून पहिला घोट माझा, तरी मी रुमालाने कडा पुसून घेतो. त्यावरून तू मला किती हसली आहेस!

ठराव पहिल्यांदा लागू झाला तो शेजारच्या भिकुबाईला. विधवा बाई, तिची आणि आमची कंपाउंडची भिंत एकच. तिचा मुलगा वना शुक्रवारी सुरतेहून आला. तसा ठणठणीत आहे, पण नियम तो नियम. पाळकसाहेब सांगायला कचरत होते, मग मीच भिंतीवरून सांगितलं. ती बरं म्हणाली, आत गेली आणि कडी लावली.

तेव्हापासून लता माझ्याशी कामापुरतंच बोलते. प्रभुभोजनाची भाकर करायचा मान आईनंतर तिच्याकडे आला. येत्या रविवारी प्रभुभोजन आहे, आणि ही बाई दोन्ही वेळा भिंतीवरून भिकुबाईला डबा देते! ठरावात डब्याचा उल्लेख करायचा राहून गेला.

कळावे. लोभ ठेव, आणि तिकडे वाढताना नाकाला फडकं बांध.

तुझा,
देवचंद


धुळे,
२८ सप्टेंबर १९९४

चि. देवचंद यास आशीर्वाद. वि. वि.

ठराव वाचला. अक्षर छान आहे.

अंतर आम्हीही ठेवतो रे. डॉक्टर सांगतात तसं तापाच्या माणसाला वेगळ्या खोलीत निजवतो, औषध देतो, हात धुतो. पण आम्ही समोर ताट ठेवून मग अंतर ठेवतो. तू भिकुबाईला घरी थांब म्हणालास, ते मी समजू शकते. तिला खायला काय आहे, हे विचारलंस का? ते तुझ्या बायकोने विचारलं. लताला माझ्याकडून शाबासकी दे, आणि डब्याबद्दल तिला एक शब्द बोलू नकोस.

पितांबरचं अजून काही नाही. आज प्रार्थनेत मी काय मागितलं सांगू? माझं लेकरू परक्या गावात कुणाच्या दारात उभं राहिलं, तर त्या दारात तुझ्यासारखा पंच नसू दे. लिहिल्यावर वाटलं, खोडून टाकावं. पण नाही खोडत.

कळावे. लोभ कमी झालेला नाही, आज थोडा रागावलेला आहे.

अक्का


जळगाव,
४ ऑक्टोबर १९९४

ती. अक्का हिस सलाम. वि. वि.

आधी एवढं वाच. पितांबर माझ्या घरी आहे. ताप उतरला आहे. सिव्हिल हॉस्पिटलने तपासून प्लेग नाही, हिवताप आहे असं काल सांगितलं. आता रडून घे, मग पुढचं वाच.

तुझं पत्र आणि तुझा मुलगा गुरुवारी एकाच सकाळी दारात आले. पत्र आधी आलं. ते हातातच होतं, तेवढ्यात फाटक वाजलं. मामा, मी सुरतेहून आलोय, जवळ येऊ नका, असं त्यानेच सांगितलं आणि पायरीवर बसला. अंग भाजत होतं. मी रुमाल शोधत राहिलो, तोवर लताने त्याला धरून आत नेलंसुद्धा. वाटेत ताप चढला म्हणून तो नंदुरबारला उतरला होता. तिथे स्टेशनजवळ कुणीतरी त्याला आपल्या ओट्यावर निजवलं, पेज पाजली. त्यांचं नावही त्याला ठाऊक नाही. तू विनाकारण धावत येशील म्हणून रिपोर्टपर्यंत कळवलं नाही. काय ते रागव.

पाळकसाहेब फाटकापर्यंत आले आणि घुटमळले. ठराव माझाच, तेव्हा मीच म्हणालो, आमचं घर बंद. दिवसभर गल्लीतलं कोणी आमच्याकडे बघेना. संध्याकाळी भिंतीवर डबा वाजला. भिकुबाईचा. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि वांग्याचं भरीत. पोऱ्या कसा शे, एवढंच तिने पलीकडून विचारलं. लताने सांगितलं, मी डबा उचलून आत आणला. अक्का, पहिला घास मी भिंतीकडे पाठ करून घेतला. मग दुसरा घेतला. भरीत चांगलं होतं.

रविवारी भाकर करणारं घरच बंद! कुणी बेकरीचा पाव सुचवला म्हणे. तेव्हा म्हातारे मोतीलाल आबा उठले आणि म्हणाले की दोन घरं बाहेर ठेवून प्रभूचा मेज मांडायचा नाही, सगळे येतील तेव्हाच मांडू. उपासना आटोपून सगळी मंडळी आमच्या गल्लीत आली. दोन्ही फाटकांपासून लांब उभं राहून त्यांनी एक गीत म्हटलं, आणि जाताना प्रत्येक घराची धान्याची मूठ भिंतीवर ठेवून गेले. मी खिडकीत होतो. लता म्हणते मी रडलो. तिच्या बोलण्यावर जाऊ नकोस.

प्रभुभोजन आता सोळा तारखेला. तू ये.

कळावे. राग उतरला असेल तर लोभ पूर्ववत करावा, ही विनंती.

तुझा,
देवचंद


धुळे,
१८ ऑक्टोबर १९९४

चि. देवचंद यास पोटभर आशीर्वाद. वि. वि.

आम्ही सुखरूप पोचलो. पितांबर एसटीत पारोळ्यापर्यंत माझ्या खांद्यावर झोपला होता. एवढा थोरला झाला, तरी मी हलले नाही.

लता आणि भिकुबाई एकाच परातीत प्रभुभोजनाचं पीठ मळायला बसल्या, हे पाहायलाच मी आले होते असं म्हण. मिठावरून दोघींची जुंपली, ते मी कुणाला सांगणार नाही.

रविवारी मी तुला पहिल्या बाकावर शोधत होते. तू नव्हतास. मान वळवून पाहिलं, तर शेवटच्या बाकावर, वनाच्याही पलीकडे. प्याला सगळी मंडळी फिरून तुमच्या बाकावर आला. आधी पितांबर प्याला, मग भिकुबाई, मग वना. वनाने प्याला तुझ्या हातात दिला. मी डोळे मिटून प्रार्थनेत असायला हवं होतं, पण माझं लक्ष तुझ्या खिशाकडे. इस्त्रीच्या रुमालाचा कोपरा वर आलेला होता. तुझा हात तिकडे गेला, थांबला आणि परत आला. तू तसाच प्यालास. देवचंद, मला तुझा किती अभिमान वाटला म्हणून सांगू!

मागे लिहिलेली ती प्रार्थना आता मी बदलली आहे. माझं लेकरू कुठल्याही गावात कुणाच्याही दारात उभं राहिलं, तर तिथे तुझ्यासारखा पंच भेटू दे.

निघताना तुझ्या कोटाच्या खिशातला रुमाल मी माझ्या पिशवीत टाकून आणला आहे. घरभर शोधू नकोस.

कळावे. लोभ तुझ्याकडे असू दे, रुमाल माझ्याकडे.

तुझी अक्का