कुसुमच्या उजवीकडची जागा

९ जानेवारी
पेसमेकर बसवून बारा दिवस झाले. डाव्या खांद्याखाली, काडेपेटीएवढा उंचवटा. आधी डॉक्टरांनी विचारलं होतं, कोणत्या हाताने लिहिता? यंत्र दुसऱ्या बाजूला बसवतात. उजव्या, म्हटलं. खरंच आहे. लहानपणी आईने घास, पेन्सिल, सगळं उजव्या हातात कोंबलं. रिंग मात्र डाव्याने फेकते. हे त्यांनी विचारलं नाही. मला सुचलं नाही.

१४ जानेवारी
कुसुम तिळगूळ घेऊन आली. मनीषनगरच्या मैदानावर अकरा वर्षं आमची रिंग टेनिसची जोडी. ती डावीकडे, मी उजवीकडे.
"तुह्या जागेवर वंदनाले घेतलं. सध्यापुरतं."
"कशी खेळते?"
"उड्या मारते वं ते."
वंदना चोपन्नची. मी सदुसष्ट. तिळगूळ कडक होता.

२४ जानेवारी
चालायची परवानगी. मैदानाला फेऱ्या. जाळीजवळ पाय आपोआप हळू होतात. वंदनाने झेल सोडला की बरं वाटतं. आज दोन सोडले.

१२ फेब्रुवारी
तपासणी. यंत्र उत्तम. डावा हात वर न्या, पण त्या हाताने जोरात फेकाफेक नको. "उजव्याने खेळा की," डॉक्टर म्हणाले.
पण नियम असा, रिंग ज्या हाताने झेलायची त्याच हाताने फेकायची. गच्चीवर भिंतीशी सराव. पन्नासात सात झेल.

३ मार्च
पन्नासात एकतीस. दम लागत नाही. दिवाळीत जिना चढताना डोळ्यांपुढे अंधारी येत होती.
कुसुमला सांगितलं नाही. तिनेही विचारलं नाही. तिने आणि वंदनाने सारखे मोरपंखी टी-शर्ट घेतलेत.

८ मार्च
खेळायला गेले. उजव्या हातात रिंग बघून कुसुम, "अवं, हे काय करून राहिली तू?"
मैदानावरच्या निमाताईंना आज जोडीदार नव्हती. म्हणजे मी समोरच्या बाजूला.
अकरा वर्षांत कुसुमला समोरून खेळताना पाहिलंच नव्हतं. तिचा उजवा गुडघा वाकत नाही. हे फक्त मला माहीत. तिच्या त्या पायाशी येणाऱ्या रिंगा पडायच्या आत मीच उचलायचे.
तिथे टाकली. पडली. पुन्हा तिथेच. सहा वेळा.
वंदना सगळ्यांसमोर: "कुसुमताई, गुडघा दुखून राहिला का तुमचा?"
कुसुम माझ्याकडे बघत होती.
आम्ही जिंकलो. निमाताईंनी पाठ थोपटली. हात डाव्या खांद्यावर पडू नये म्हणून मी सरकले.

९ मार्च
गेले नाही. गच्चीवरही नाही.

११ मार्च
फेऱ्या मारायला म्हणून गेले. वंदना आता अर्धं पाऊल डावीकडे सरून उभी राहते. कुसुमच्या पायाशी आलेली रिंग तिने उचलली, कुसुमकडे न बघता. मी अशीच उचलायचे.
कुसुम पाणी प्यायला कडेला आली.
"तूच दाखवलं ना तिले," म्हणाली. राग नव्हता आवाजात. असता तर बोलता आलं असतं.
बाटलीचं झाकण लावत, "उद्या येशील?"
कोणत्या बाजूला, ते तिने सांगितलं नाही. मी हो म्हटलं की नुसती मान हलवली, तेही आता आठवत नाही.